चादर उलटून बघणाऱ्या अक्का

अक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी चादर उलटायच्या. पाणी नंतर, खुशाली नंतर. कॉटवर बसल्या की त्यांचा हात आपोआप चादरीच्या कोपऱ्याकडे जायचा, कोपरा पालथा व्हायचा, अंगठा मागच्या धाग्यांवरून फिरायचा, आणि मग घरातल्या बाईकडे बघून त्या एकतर मान हलवायच्या किंवा नुसतं "हं" म्हणायच्या. त्या "हं"ची सोलापूरच्या भवानी पेठेतल्या बायकांना धास्ती होती. एका लग्नाच्या बैठकीत त्यांनी मुलाकडच्या गादीवरची चादर उलटून बघितली होती म्हणे, आणि मुलीच्या बापाच्या कानात सांगितलं होतं, "चादर बरी हाय. पोराचं तुमी बघा."

माझी त्यांची ओळखही चादरीवरूनच झाली. मी गोंदियाकडची. सातवीपर्यंतची शाळा गावात होती. पुढची नदीपलीकडे, आणि पावसाळ्यात नाव बंद. आठवीत गेले, पहिल्याच पावसाळ्यात जी घरी बसले ती बसलेच. लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा या गावाबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे चादर. नवरा होटगीला रेल्वेच्या ठेकेदाराकडे रुळांच्या कामावर. तो सकाळी डबा घेऊन गेला की मी खोलीला आतून कडी लावून बसायची. मला भीती कशाचीही वाटते. दार वाजलं तरी वाटते, नाही वाजलं तरी वाटते.

त्या दिवशी दार वाजलं आणि बाहेर एक उंच, सावळ्या बाई उभ्या. नाकात दोन्हीकडे चमकी, हातात किल्ल्यांचा जुडगा. "वरच्या क्लासची मी. वरलक्ष्मी. सगळी अक्का म्हणत्यात." एवढं बोलून आत आल्या, कॉटवर बसल्या आणि कोपरा उलटला.

"ही कुटनं आणलीस गं?"

"आईनं दिली जी. सोलापुरीच आहे."

ती चादर म्हणजे माझ्या आहेरातली सगळ्यात मोठी वस्तू. गोंदियाच्या बाजारातून आईनं निवडून आणली होती. "सोलापूरले चालली ना माय, मंग सोलापूरचीच चादर ने. तुले परकं नाही वाटणार," असं म्हणाली होती. कोपऱ्यावर सोनेरी अक्षरांचं लेबलही होतं. मी ते अक्कांना दाखवलं.

अक्कांनी लेबलाकडे बघितलंच नाही. "सोलापुरी न्हाय," म्हणाल्या. "चूडु." तेलुगूत चूडु म्हणजे बघ. "मागं धागे कसे लोंबत्यात. हे आमच्या गावात कुणी विणलं तर त्याला जेवण घालायची न्हाय बायको."

मी रडायला लागले. नवीन गाव, नवीन माणूस, आणि आईनं बरोबर दिलेली एकच ओळखीची वस्तू, तीही खोटी निघाली. अक्कांनी पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. त्यांना ते जमायचं नाही. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "रडू नको. थंडीला चालती ती चादर. खोटं हाय ते लेबल हाय, तुजी आई न्हाय. आन् कडी लावून बसू नको. वर ये."

वर म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला जुनी टाइपरायटरं कापडाखाली झाकून ठेवलेली, दुसऱ्या भिंतीला जुने कॉम्प्युटर. अक्कांनी आयुष्यभर टायपिंग शिकवलं होतं. लग्न केलं नाही. टाइपरायटरांचे दिवस गेले तेव्हा पेठेतल्या लोकांना वाटलं, आता अक्का घरी बसतील. त्यांनी कुठल्या कुठल्या कचेऱ्यांतून मोडीत निघालेले कॉम्प्युटर गोळा केले आणि वरच्या दाराबाहेरच्या पाटीवर 'टायपिंग' शब्दापुढे खडूनं 'व संगणक' असं लिहिलं. पहिल्याच पावसात ते पुसलं. पुन्हा लिहिलं नाही.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाही टायपिंगचीच राहिली. की-बोर्डवर हात ठेवायचे, हातांवर चादरीचा एक तुकडा टाकायचा. बोटं दिसायची नाहीत. "बघून मारलेलं विसरतंय. न बघता मारलेलं हातात ऱ्हातंय," म्हणायच्या. मी चाचरत विचारलं, "अक्का, आठवीत शाळा सुटलेल्या बाईला जमेल का जी?" तर म्हणाल्या, "जी-जी करू नको, नागपूरवाली. बोटं किती हायती तुला? दहा? मग जमतंय की."

मी गोंदियाची, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगत राहिले. त्यांच्या हिशेबी नागपूरच्या पलीकडे सगळं नागपूरच होतं.

आता त्या कॉम्प्युटरांबद्दल सांगायला हवं, कारण माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो. कॉम्प्युटर सुरू केल्यावर आधी त्याची सिस्टीम जागी होते आणि ती बाकी सगळ्यांना कामाला लावते. अक्का मागाचं उदाहरण द्यायच्या. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, तिच्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, आणि त्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवतात. "माळ नसली तर माग नुसता खडखड करतंय. सिस्टीम म्हंजे ती माळ."

सगळीकडे असते ती सिस्टीम विकत घ्यावी लागते. अक्कांच्या कॉम्प्युटरांत होती ती लिनक्स. ती फुकट. फुकट म्हणजे चोरून नव्हे. ज्यांनी बनवली त्यांनीच सांगून ठेवलंय की घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या, आत उघडून बघा, दुरुस्त करा. "हिची नक्षी उघडी हाय," अक्का म्हणायच्या. "मागची बाजू बघू देती ही. दुसरी बघू देत न्हाय."

त्या हिच्यामागे का लागल्या, तेही एकदा सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ, अन्ना, नक्षी काढायचे. त्यांनी एक मोर काढला होता, पिसारा सबंध चादरभर पसरलेला. पेठेत तशी नक्षी कुणाची नव्हती. वर्षभरात तोच मोर दुसऱ्या मुलखात विणलेल्या चादरींवर आला, पातळ सुतात, वर 'सोलापुरी' लेबल लावून, आणि निम्म्या भावात. अन्नांचा माल पडून राहिला. पुढं अन्नांनी कागद-पेन्सिल हातात धरली नाही, गेले तोवर. कॉम्प्युटर आणले तेव्हा विकणाऱ्यानं नेहमीची सिस्टीम एका सीडीवरून भराभर सगळ्यांत उतरवून दिली होती. अक्कांनी विचारलं, ही विकत घेतलेली आहे का? तो हसला. "अक्का, कोण घेतंय? सगळी असंच टाकत्यात."

"तवा मला अन्ना दिसला," त्या म्हणाल्या. "मोर चोरला म्हणून आमी शिव्या दिल्या. आन् आता मीच चोरीच्या मालावर पोरींना शिकवू?" त्यांनी ती सगळी पुसून टाकायला लावली. इंजिनियरिंगच्या एका पोरानं लिनक्सची सीडी आणून दिली. पुढचं सगळं त्या स्वतः चुकत, चिडत, तेलुगूत शिव्या देत शिकल्या.

याच वर्गात मी शिकले. पत्र लिहायला, तक्ता करायला, मराठी टाइप करायला. पुढं मी गणवेशाच्या कारखान्यात काज-बटणाला लागले, आणि तिथंच आज शाळाशाळांची मापं आणि ऑर्डरी कॉम्प्युटरवर मी बघते. मालकांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "कोर्स कुठला केला?" मी लिनक्सचं नाव सांगितलं. "हे कुठलं? ऐकलं नाही कधी," ते म्हणाले. अक्कांचा हात आठवून मी की-बोर्डवर ओढणी टाकली आणि खाली न बघता टाइप करून दाखवलं, म्हणून निभावलं. पण ते 'ऐकलं नाही कधी' माझ्या डोक्यातून गेलं नाही. न ऐकलेली वस्तू वाईटच असणार, असं कसं काय ठरतं?

ठरतं. रोज ठरताना मी बघितलंय.

सुरेशभाऊंचं नळ-पाइपांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. त्यांची शिल्पा अक्कांकडे यायची. हुशार पोर. एक दिवस भाऊ स्वतः जिना चढून आले.

"अक्का, वाईट वाटून घेऊ नका. पोरीला मी जुळे सोलापूरच्या नव्या क्लासला घालतोय. तितं एसी हाय, बॅग देत्यात, टी-शर्ट देत्यात."

"टी-शर्टात टायपिंग चांगलं येतंय व्हय?"

"तसं न्हाय. तुमची ती सिस्टीम डुप्लिकेट हाय म्हणं. पुढं पोरीला नोकरीत अडचण नको."

अक्का खुर्चीत सरळ झाल्या. "डुप्लिकेट? तुमच्या दुकानात कुटली हाय?"

"आमची ओरिजिनल!"

"बिल हाय?"

"बिल कशाला? मेव्हण्यानं टाकून दिली की. फुकट."

"मग माजीबी फुकटच हाय की, भाऊ."

"तुमची मुळातच फुकट हाय," भाऊ समजावणीच्या सुरात म्हणाले. "आमची महागाची हाय, आमाला फुकट मिळाली. फरक हाय की!"

आम्ही बायका चादरीच्या तुकड्यांखाली हात धरून हसत होतो. अक्का हसल्या नाहीत. शिल्पा बापामागून जिना उतरली, वळून वळून बघत. मीही मग हसायची थांबले. चोरून घेतलेली ती ओरिजिनल, आणि देणाऱ्यानं हातानं दिलेली ती डुप्लिकेट! असा न्याय दुसऱ्या कुठल्या वस्तूच्या बाबतीत आपण ऐकून घेतला असता का?

यात सुरेशभाऊंचा दोष थोडा. मला राग येतो तो त्यांच्या डोक्यात हे घालणाऱ्यांचा. रिक्षाच्या मागे बघा, बसच्या मागे बघा, पेपरातून गळून पडणारी रंगीत पत्रकं बघा. सगळीकडे त्या विकतच्या सिस्टीमचंच नाव. नोकरीच्या जाहिरातीत 'कॉम्प्युटर येत असावा' असं लिहीत नाहीत, एका कंपनीच्या मालाचं नाव लिहितात, जणू स्वयंपाकीण पाहिजे म्हणून जाहिरात द्यायची आणि शेगडीचा छाप सांगायचा. दुकानदार तेच विकतो, कारण त्यात त्याला काही सुटतं. क्लासवाला तेच शिकवतो, कारण त्याचीच विचारणा होते. विचारणा का होते, तर सगळे तेच शिकवतात म्हणून. आणि जी वस्तू विकून कुणाचंच पोट भरत नाही, तिचा बोर्ड कोण लावणार? चांगली असणं हा तिचा गुण कुणाला कळायचा कसा? आणि न कळल्याबद्दल लोक तिलाच नावं ठेवणार!

माझा थोडा राग अक्कांवरही होता. त्या बोर्ड लावायला तयारच नव्हत्या. मी कितीदा म्हटलं, "अक्का, निदान जिन्यापाशी एक पाटी लावू. खाली कुणाला कळतच नाही वर क्लास आहे म्हणून."

"गळा काढून विकायचं ते मी करत न्हाय. चांगला माल घरी गेला की शेजारीण आपणहून विचारती, कुटनं घेतला म्हणून."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सगळे ऐकून गप्प बसायचे. मीही बसायची. पण एका उन्हाळ्याआधी एक गोष्ट झाली आणि माझ्यानं गप्प बसवेना. अन्नांचा मुलगा श्रीनिवास, घर त्याच्या नावावर. अक्कांना तो अत्ता म्हणायचा, म्हणजे आत्या. वाईट मुलगा नाही, पण सुताचा धंदा करतो आणि त्याला गोदामाला जागा पाहिजे होती. तो म्हणाला, "अत्ता, या सुट्टीत पोरी आल्या तर ठेव क्लास. न्हाय आल्या तर वरची खोली मला मोकळी करून दे." अक्का म्हणाल्या, "बरं." वर येऊन खुर्चीत बसल्या आणि चादरीच्या तुकड्यांच्या घड्या घालायला लागल्या. एकेक तुकडा उलटून, झटकून, घडी.

"आता तरी पाटी लावू या जी," मी म्हटलं.

"चांगल्या मालाला—"

"अक्का, माझ्या आईनं विचारलं होतं की!" माझा आवाज चढला आणि मीच दचकले. पण आता थांबता येईना. "गोंदियाच्या बाजारात माझी आई दुकानदाराला म्हणाली होती, अस्सल सोलापुरी दाखवा. तिला धाग्याची पारख नव्हती, पण तिला खरीच पाहिजे होती. तुमची खरी चादर तिथं आलीच नाही. खोटी आली, लेबल लावून आली, ओरडत आली. मग चूक कुणाची? माझ्या आईची? तुमचा माल चांगला होता तर तो गोंदियाले काऊन नाही पोचला, सांगा!"

खोलीत बाकीच्या बायका होत्या. ज्या बाईनं मला कडी काढायला लावली, जिच्यामुळे माझ्या हाताला मान मिळाला, तिच्यावर मी ओरडले होते. वाटलं, आता खाली जायला सांगतील.

अक्कांनी हातातली घडी पुरी केली. मग म्हणाल्या, "अन्नापण लेबल लावत नव्हता. म्हणायचा, मोर बघून कळतंय की माजा हाय."

आणि उठून कपाटाकडे गेल्या आणि एक गुंडाळी काढून माझ्यापुढे ठेवली. अन्नांचा मोर, चौकटीच्या कागदावर, एकेक चौकोन रंगवलेला. "कर काय करायचं ते," म्हणाल्या. "मला विचारू नको."

आम्ही तो मोर फोटो काढून कॉम्प्युटरांच्या पडद्यावर घेतला. सिस्टीम सुरू झाली की आधी तो यायचा, निळाहिरवा, पडदाभर पिसारा. पडद्यावर दाबायची चित्रं मोठी केली, त्यांच्या खालची नावं मराठीत केली. एवढंच. मग दोन कॉम्प्युटर जिन्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील असे मांडले. कारखान्यातून उरलेल्या कापडाची झालर लावली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: 'मोर. आपल्या सोलापूरचं कॉम्प्युटर. बसून बघा.'

लोक थांबायला लागले. शाळेतून येणारी पोरं, भाजी घेऊन जाणाऱ्या बायका. "हे मोरवालं कुटलं गं?" असं विचारून बसायला लागले. आणि एक दिवस सुरेशभाऊ आले. स्टुलावर बसून त्यांनी बराच वेळ इकडेतिकडे करून बघितलं.

"हे भारी हाय की, अक्का! फास्ट हाय. नवीन घेतलं व्हय? महाग असंल."

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर चुकवली.

"ही तीच हाय," त्या म्हणाल्या.

"तीच म्हंजे?"

"तुमी डुप्लिकेट म्हणून गेला न्हाय का, ती. तीच."

"छे! ती साधी होती. ही लई वरची हाय," भाऊ ठामपणे म्हणाले, आणि शिल्पाचं नाव घालून गेले.

त्या सुट्टीत खोली भरली. पोरी आळीपाळीनं बसायच्या, तरी जागा पुरेना. श्रीनिवासनं गोदामासाठी दुसरीकडे जागा घेतली. आम्हाला कोण आनंद! आणि अक्का मात्र चिडलेल्या. वर्गात येरझारा घालायच्या आणि मध्येच थांबून मला विचारायच्या, "आत काय बदललं गं? सांग. एक धागा तरी बदलला का?"

"नाही जी."

"मग काल ही वाईट आन् आज चांगली कशी झाली? एवढी वर्षं मी काय खोटं शिकवत होतो व्हय?" चिडल्या की त्या स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायच्या. "लोकांना डोळे हायत का न्हाय? पिसारा दिसला की बसले. अय्यो, देवा!"

हा राग त्यांच्या पोटातून कधी गेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. खोली वाचली म्हणून झालेला अपमान काही पुसला जात नाही.

खोली भरल्याचं कळल्यावर जुळे सोलापूरचे ते एसीवाले साहेब पेढे घेऊन आले. "अक्का, तुमचं नाव, आमचं सर्टिफिकेट. आमच्या बॅनरखाली चालवा. फक्त सिस्टीम आमची टाकू." त्यांनी आपलं कार्ड पुढं केलं, चकचकीत, सोनेरी अक्षरांचं. अक्कांनी ते घेतलं आणि सवयीनं उलटलं.

"मागं कोरं हाय," म्हणाल्या आणि परत दिलं.

त्याच संध्याकाळी जिन्यावर बसून शेंगा सोलताना त्या माझ्याशी बोलल्या. राग निवलेला नव्हता, पण आवाज खाली आला होता. "नागपूरवाली, मला एक कळलं. लेबल वाईट न्हाय. खोट्या मालावरचं लेबल वाईट. आमी खऱ्या मालावर लेबल लावलंच न्हाय. ती जागा रिकामी ठेवली आमी. रिकाम्या जागेत कुणीबी येऊन बसतंय." मग टरफलं झटकत म्हणाल्या, "तुज्या आईला सांग, तिची चूक नव्हती."

मी आईला फोन करून सांगितलं. आईला काही कळलं नाही. ती म्हणाली, "चादर चांगली हाये ना पण?"

थंडीत अक्का गेल्या. ताप आला, मग दम लागला, दवाखान्यात नेलं. आम्ही आळीपाळीनं बसत होतो. शेवटच्या दुपारी त्यांना बोलता येत नव्हतं, पण अंगावरच्या दवाखान्याच्या चादरीचा कोपरा बोटांत धरून त्या उलटायचा प्रयत्न करत होत्या. मी उलटून दिला. त्यांनी अंगठा धाग्यावरून फिरवला आणि "हं" केलं. तेवढंच.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. ज्या बाईनं आयुष्यात स्वतःच्या नावाची पाटी लावली नाही, तिचा दोन माणसं उंच फ्लेक्स. 'संगणक शिक्षणाच्या दीपस्तंभ. भावपूर्ण श्रद्धांजली.' वर कोपऱ्यात अक्कांचा जुना, फाटका फोटो, नाव चुकवलेलं. मधोमध हात जोडलेले ते एसीवाले साहेब, अक्कांच्या दुप्पट मोठे. आणि खाली लाल अक्षरांत: 'नवीन बॅच सुरू. बॅग व टी-शर्ट मोफत.' मी बाजारात निघाले होते, ते बघून परत आले आणि कडी लावून बसले. रडू येत नव्हतं. त्यांनी अक्कांना जिवंतपणी आपल्या बॅनरखाली घ्यायला बघितलं, त्या गेल्या नाहीत. आता त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून चौकात टांगलं होतं.

तेराव्यानंतर श्रीनिवास वर आला. टाइपरायटरावरचं कापड सारखं करत म्हणाला, "वैनी, आता खोली मोकळी करावी म्हणतो. अत्ता न्हाय, तर क्लास कुणासाठी?"

"मी शिकवते. कारखान्यातून आले की. शिल्पा पण आहे मदतीला."

"तुमी शिकवाल वो. पण लोकांना कळणार कसं? अत्ता होती तवर अत्ताला बघून यायची लोकं. आता हितं काय दिसतंय त्यांना?"

त्याचं बरोबर होतं. आठवी नापाससुद्धा नाही, आठवी सुटलेली बाई मी. गाव माझं नाही, बोली माझी नाही. मी शिकवते म्हणून कोण जिना चढणार? पण त्या रात्री कडी लावायला हात गेला आणि तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी चौकातला फ्लेक्स उतरवायला एक माणूस आला होता. मी त्याला म्हटलं, "दादा, हा मला द्या."

"छपराला पायजे व्हय, ताई?"

"नाही. बोर्डाला."

फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते, स्वच्छ. आम्ही तो वरच्या खोलीत जमिनीवर पालथा पसरला. अन्नांचा कागद समोर ठेवून पोरींनी चौकोन आखले आणि ऑइलपेंटनं मोर रंगवला. अक्षरं मी काढली. माझं अक्षर चांगलं नाही, पण मोठं आहे: 'अक्कांचा कॉम्प्युटर क्लास. चालू आहे. सिस्टीम फुकट आहे, चोरीची नाही. आत उघडून दाखवू.' आणि जिन्याच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल असा, तो खिळ्यांनी ठोकला. साहेबांचं तोंड भिंतीकडे.

श्रीनिवास बराच वेळ मोराकडे बघत उभा राहिला. बापाचा मोर. "सुट्टीपर्यंत बघू," म्हणाला आणि गेला.

काल एक बाई पोरीला घेऊन खाली थांबली. अक्षर न् अक्षर लावून वाचलं तिनं. मग, मी जिन्यात उभी आहे हे न बघता, फ्लेक्सचा सुटलेला कोपरा धरला आणि उलटून पाहिला.

"अगं बाई, ह्याच्या मागं दुसऱ्याचंच हाय की!"

"हाव जी," मी म्हटलं. "उलटून बघितलंत ना? मग वर या."